मुलामा

फोटो आला तेव्हा देवश्री अमरावतीच्या पंचवटी चौकातल्या औषधांच्या दुकानासमोर उभी होती. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या दुकानदाराने काचेवर ठेवल्या होत्या, मागून कोणीतरी "जरा लवकर करा ना मॅडम" म्हणत होतं. पैसे पाठवायला म्हणून तिने फोन काढला, तोच चुलतभाऊ केयूरचा निरोप वरून घसरत आला आणि अंगठा नेमका त्यावर पडला. पडदाभर किटली उघडली. फुगीर पोटाची, लांब तोटीची, काळ्या लाकडी मुठीची किटली. शेजारी साखरदाणी, दुधाचं भांडं, आणि खाली अकोल्याच्या काकांच्या टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक. लहानपणानंतर ती वस्तू तिने पाहिली नव्हती. तरी ओळखायला वेळ लागला नाही.  केयूरने लिहिलं होतं, 'ताई, बाबा पुढच्या महिन्यात कायमचे पुण्याला येतायत. फ्लॅट रिकामा करतोय. जुन्या वस्तूंमधलं तुला कळतं. हे चांदीचं काय आहे, किती जुनं आहे, एकदा जाऊन बघशील का? बाबांनीच तुझं नाव सुचवलं.' तिने पैसे दिले, स्कूटर काढली, घरी आली. दार उघडल्या उघडल्या आईने हात पुढे केला. गोळ्या दुकानाच्या काचेवरच राहिल्या होत्या.

बाबांनीच तुझं नाव सुचवलं. ते एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. केशवकाकांनी? का? केयूरला बहुधा काही आठवत नसावं; त्याच्याच मुंजीच्या वेळची गोष्ट होती, पण तेव्हा तो होणारा बटू म्हणून सगळ्यांकडून लाड करून घेत होता. काका मात्र त्या खोलीत उभे होते. आता त्यांना तिच्याकडून काय हवं होतं? किंमत, की कबुली? देवश्री कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि गावात तिची दुसरी ओळख होती ती जुनी भांडीकुंडी ओळखणारी म्हणून. भातकुलीहून, दर्यापूरहून लोक पिशवीत गुंडाळून काय काय घेऊन येत. अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, साहेबी थाटाचे काटे-चमचे, ट्रॉफ्या. निम्म्याहून अधिकांना ती एकच उत्तर द्यायची: ही चांदी नाही, चांदीचा मुलामा आहे. आत तांबं असतं किंवा जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदीचा कणही नसतो. वर विजेच्या पाण्यातून चढवलेला पातळ थर. विलायती कारखानदार बुडाशी आपली अक्षरं अशी ढालीच्या आकारात ठोकत की बघणाऱ्याला तो खऱ्या चांदीचाच शिक्का वाटावा. कोणाचा चेहरा पडायचा, कोणी तिच्यावरच रागवायचं. ती शांतपणे भिंग पुढे करायची. हा नाद कुठून लागला असं विचारलं की ती नागपूरच्या संग्रहालयातल्या एका उन्हाळी शिबिराचं नाव सांगायची. ते खोटं नव्हतं. पण त्या शिबिरात पहिल्याच दिवशी तिने शिकवणाऱ्या बाईंना काय विचारलं होतं, ते तिला चांगलं आठवत होतं. 'चांदीचं भांडं बदलून त्याजागी तसंच खोटं ठेवलं, तर ते नंतर ओळखता येतं का?' बाई हसून म्हणाल्या होत्या, 'तू पोलिसात जाणार आहेस का?'

तिचे आजोबा गोपाळकृष्ण वकील. सगळे त्यांना नाना म्हणायचे. अकोल्यातल्या एका जिनिंग प्रेसच्या गोऱ्या साहेबाचा खटला त्यांनी जिंकला आणि साहेबाने विलायतेला परत जाताना हा चांदीचा चहाचा सेट त्यांना भेट दिला, किटलीवर त्यांच्या नावाची अक्षरं कोरून. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की देवश्रीला त्या साहेबाच्या मिशासुद्धा दिसायच्या. मग तिच्या वडिलांना अमरावतीला नोकरी लागली, बिऱ्हाड इकडे आलं, आणि वडिलांच्या कॉलेजातली मंडळी नव्या घरी चहाला येणार म्हणून आईने तो सेट आजीला विचारून इकडे आणला. पावसाळाभर तो इथेच होता. परत गेला, काचेच्या कपाटात बसला. त्यानंतर केयूरच्या मुंजीसाठी जुनी चांदी मोडून नवी भांडी करायचं ठरलं, सोनार घरी आला, आणि किटलीचं बूड खरवडून, कस लावून म्हणाला, "वकीलसाहेब, माफ करा, पण ही चांदी नाही." खोलीत पुष्कळ माणसं होती.  मग आजी म्हणाली, अगदी हळू, जणू दिवस आठवत असल्यासारखी, "पावसाळाभर तर हे अमरावतीला होतं." बस्स, एवढंच. चोरी हा शब्द कोणीही उच्चारला नाही. सगळ्यांनी आईकडे पाहिलं आणि मग घाईघाईने दुसरीकडे पाहिलं. आईने देवश्रीचं मनगट धरलं होतं. किती घट्ट, ते तिला अजून सांगता आलं असतं. आणि आरामखुर्चीत बसलेल्या नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, "जाऊ द्या. विषय वाढवू नका." नानांचं ते 'जाऊ द्या' पुढे घराण्यात दंतकथेसारखं झालं. केवढं मन! हजारोंची वस्तू गेली, पण सुनेला एका शब्दाने बोलले नाहीत. आई पुन्हा अकोल्याला गेली नाही. नाना गेले तेव्हाही वडील एकटेच जाऊन आले. वडिलांनी आईला कधी काही विचारलं नाही, आणि मरेपर्यंत विचारलं नाही, हे देवश्रीला ठाऊक होतं. कारण त्या न विचारण्याचाच आवाज घरात सतत असायचा, बंद न होणाऱ्या पंख्यासारखा.

पण तिची खरी भीती तिथे नव्हती. खरी भीती एका दुपारची होती. पावसाची उघडीप होती, शाळेला कसलीतरी सुट्टी, आणि आई तिला सायकलरिक्षात बसवून सराफ्यात घेऊन गेली होती. आईच्या मांडीवर कापडी पिशवी. एका दुकानात पांढरी गादी, तक्क्या, काचेचा छोटा तराजू. दुकानदाराने देवश्रीला लिमलेटची गोळी दिली होती आणि आई म्हणाली होती, "तू जरा बाहेर पायरीवर बस." ती बसली. आतून ठकठक ऐकू आली. येताना राजकमल चौकातून रिक्षा वळली तेव्हा आई म्हणाली, "बाबांना सांगू नको हं." तिने सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. मुंजीच्या त्या खोलीत, मनगट आईच्या मुठीत असताना, तिला ती पिशवी आठवली होती, आणि तेव्हापासून ती आठवण तिच्यात वाढतच गेली, जशी ती वाढली तशी. त्याच वर्षी नागपूरच्या मामाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. पैसे कुठून आले, हा प्रश्न तिला कॉलेजात असताना पहिल्यांदा पडला आणि पडल्या क्षणी तिने तो दाबून टाकला. आई इतकी सरळ बाई, देवाला वाहायचं फूलसुद्धा न हुंगणारी. पण भावासाठी? माणूस भावासाठी काय करणार नाही?

आता तिला भिंगाखाली ते कळणार होतं. केयूरला काहीतरी कारण सांगून टाळता आलं असतं. तिने तसा निरोप लिहिलाही, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी आईला म्हणाली, "गुरुवारी अकोल्याला जाऊन येते. पेपर तपासायला." आई मटार सोलत होती. अकोला म्हटल्यावर तिची बोटं जराशी थांबली. "जा. ऊन आहे, टोपी घे," ती म्हणाली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बडनेरा मागे पडलं, दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, काळ्या जमिनीवर पांढरे ठिपके आणि त्यात वाकलेल्या बायका. एरवी हे दिसलं की तिला बरं वाटायचं. आज सगळ्या शेतावर जणू काहीतरी सांडलं आहे आणि कोणीतरी ते भराभर वेचून लपवतं आहे असं वाटलं. मूर्तिजापूरला चहावाला खिडकीखाली आला, तिने मानेनेच नको म्हटलं. पर्समध्ये भिंग होतं, बॅटरी होती, मऊ फडकं होतं. समजा, बुडाशी शिक्काच नसला तर? समजा, असला पण नवा असला, मुंबईच्या एखाद्या कारखान्याचा, सत्तर-ऐंशीच्या दशकातला? मग किटली बदललेली, यात शंकाच नाही. मग काकांना काय सांगायचं? 'फार झिजलंय, कळत नाही' असं म्हणता येईल. त्यांना थोडंच कळणार होतं. आणि आईला? आईला तर काहीच सांगायची गरज नव्हती. ती खोटं बोलायचं आधीच ठरवून चालली होती, आणि ते कोणासाठी, हेच तिला नीट ठरवता येत नव्हतं.

जठारपेठेतल्या फ्लॅटचं दार मैनाबाईने उघडलं. काकू गेल्यापासून ती काकांचा स्वयंपाक करायची. "तुमी अमरावतीच्या ताई नं? या या. साहेब सकायपासून वाट पाहून राहिले." घरभर खोकी होती. केशवकाका दिवाणावरून उठले. ते इतके वाळले असतील असं तिला वाटलं नव्हतं. वडिलांचाच चेहरा, पण वरची चरबी खरवडून काढल्यासारखा. तिने वाकून नमस्कार केला. "बस. गाडीला गर्दी होती का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता टेबलाकडे बोट दाखवलं. "ते बघ. केयूर म्हणतो विकून टाकू. मी म्हटलं, आधी देवश्रीला दाखव. घरची आहे."

घरची. ती टेबलाशी बसली. फडकं पसरलं. तिने आधी साखरदाणी उचलली, ती सोपी होती. मग दुधाचं भांडं. मग किटली.  झाकणाची तुटलेली बिजागरी डाख लावून सांधलेली होती. राखाडी, ओबडधोबड, कथिलाचा डाख. कारखान्यातला नव्हे, एखाद्या गल्लीतल्या सोनाराने घाईत लावलेला. ठकठक. पांढरी गादी. लिमलेटच्या गोळीची चव जिभेवर आली, खरोखर आली. काका बघत होते. तिने झाकण मिटलं आणि उगीचच किटली फिरवून तोटी तपासल्यासारखं केलं. डाख म्हणजे काय? नवी किटली, जुनं झाकण? दोन वेगळ्या वस्तू जोडून एक केलेली?  आतून मैनाबाईने विचारलं, "ताई, साखर किती टाकू?" आणि हा प्रश्न तिला काही केल्या समजेना.

"काही गडबड आहे का?" काका म्हणाले.

"नाही. उजेड कमी आहे. खिडकीशी नेते."

खिडकीशी उभं राहून तिने किटली पालथी केली. बुडावर सोनाराच्या कानशीचा ओरखडा होता, त्या दिवशीचा, आणि त्याच्या तळाशी पिवळट करडा धातू दिसत होता. जर्मन सिल्व्हर. ओरखड्याच्या शेजारी चार छोट्या ढाली, प्रत्येकीत एक अक्षर: ई, पी, एन, एस. म्हणजे जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा. त्याखाली नक्षीच्या नोंदणीचा आकडा, पाच लाखांच्या थोडा पुढचा. हे आकडे तिला तोंडपाठ होते: ही नक्षी पहिल्या महायुद्धाच्या काही वर्षं आधी विलायतेत नोंदवलेली. पण तेवढ्याने काय? तशीच जुनी मुलाम्याची किटली कोणीही बाजारातून आणून बदलू शकलं असतं. तिने ती उलटून पोटावरची अक्षरं पाहिली. नानांची इंग्रजी आद्याक्षरं, वळणदार, आणि खाली १९३६. भिंग लावलं. अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, पोटाच्या फुगवट्यावर जास्त, मुठीआड कमी. वर्षानुवर्षं फडक्याने आणि बोटांनी झिजलेल्या. अशी झीज कोणाला एका पावसाळ्यात आणता येत नाही. म्हणजे साहेबाने दिलेली किटली हीच. हीच, पहिल्यापासून. त्या साहेबाने नानांना चांदी दिलीच नव्हती. कोणी काही बदललं नव्हतं, कोणी काही नेलं नव्हतं.  खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता आणि तो किती वेळ ओरडत होता कोण जाणे.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. सवयीने दिसली, ती शोधत नव्हती. कोरताना हत्यार मुलाम्याच्या पार जातं, म्हणून अक्षरांच्या खोबणीत आतला पिवळट धातू दिसायला हवा होता. तो दिसत नव्हता. खोबणीतसुद्धा चांदी होती. बुडावरचे शिक्केही सायीखाली असावेत तसे मऊ, बुजलेले. म्हणजे १९३६ नंतर कधीतरी, अक्षरं झिजून गेल्यावर, सगळ्या किटलीला नवा मुलामा दिला होता. आणि सोनाराचा ओरखडा त्या मुलाम्याला कापून गेला होता, म्हणजे मुलामा मुंजीच्या आधीचा. चांदीच्या भांड्याला कोणी चांदीचा मुलामा देत नाही. ज्याने तो चढवून घेतला त्याला ठाऊक होतं. कोण? पुन्हा ती पिशवी मांडीवर आली. आईने?  पण आईने चोरी केली नव्हती, मग आता ही भीती कशाची? तिने किटली टेबलावर ठेवली आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "काका, आईने अमरावतीला नेण्याआधी हा सेट कधी घराबाहेर गेला होता?"

"नाही." मग ते म्हणाले, "हो. एकदा गेला होता. तुझ्या बाबांच्या लग्नाआधी. नागपूरला, पॉलिशला. नाना स्वतः घेऊन गेले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मीच पेटी स्टेशनवर पोचवली होती. आला तेव्हा काय लखलखत होता! मुलीकडची माणसं येणार होती ना बघायला. सिंधूवहिनीचे वडील तर म्हणाले होते, असा सेट आम्ही राजवाड्यातसुद्धा पाहिला नाही." ते हसले. बऱ्याच दिवसांनी आनंदाचं काही आठवल्यासारखे हसले. "का? काहून विचारून राहिली?"

आता गप्प बसता आलं असतं. म्हातारा माणूस, गाव सोडून चाललेला, खोक्यांच्या मधे बसलेला. नानांचा फोटो अजून भिंतीवर होता, शेवटी उतरवायचा म्हणून ठेवलेला. देवश्रीने फोटोकडे पाहिलं नाही. "काका, हा सेट कधीच चांदीचा नव्हता," ती म्हणाली. "साहेबाने दिला तोच मुलाम्याचा. हे बघा, इथे लिहिलंय. आणि तुमच्याच नानांचा आहे, बदललेला नाही. आणि नागपूरला पॉलिश नाही झालं. नवा मुलामा चढवला. चांदी असती तर चढवला नसता."

काकांनी भिंग घेतलं नाही. "तू नानांबद्दल बोलून राहिली आहेस," ते म्हणाले.

"हो."

"ते असं…" त्यांचा आवाज चढला, "त्यांनी आयुष्यात कोणाचा एक पैसा… तुला काय माहीत गं नाना? दुकानदाराने फसवलं असेल त्यांना, सांगितलं असेल पॉलिश म्हणून." मैनाबाई चहाचे कप घेऊन दारात आली आणि तशीच परत गेली. काकांनी किटली ओढून घेतली, फिरवली, अक्षरांवरून बोट फिरवलं, जणू बोटाला काही वेगळं कळेल.  देवश्री त्यांचा चेहरा बघत होती, आणि तिला कळलं की ते आता नागपूरच्या त्या पेटीपाशी नाहीत; ते मुंजीच्या खोलीत पोचले आहेत.  मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "मंग त्या दिवशी ते बोलले काहून नाही?"

 तिने भिंग फडक्यात गुंडाळलं.

"जाऊ द्या म्हणाले," काका म्हणाले. "आम्ही पोरांना सांगत आलो, केयूरला सांगितलं, बघ तुझे आजोबा कसे होते." त्यांनी किटली दूर सारली. "मला वाटलं होतं, तू येशील, बघशील, आणि आपण विषय मिटवू. मी म्हणणार होतो, वहिनीला सांग, आमच्या मनात काही नाही. माफ केलं म्हणणार होतो मी. ऐकलंस का? माफ!" ते उठले, खोक्यांमधून वाट काढत खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. "वहिनी कशी आहे?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या घरातून पहिल्यांदा आला होता. ती म्हणाली, "बरी आहे. रक्तदाब आहे थोडा." ती निघाली तेव्हा त्यांनी आठवण झाल्यासारखं विचारलं, "किंमत काय येईल याची?" "शौकीन भेटला तर पाच-सहा हजार," तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली. मैनाबाईने जिन्यापर्यंत येऊन विचारलं, "साहेबांले काही वाईट तं नाही सांगितलं नं, ताई?" 

परतीच्या बसमध्ये तिला हलकं वाटायला हवं होतं. बोरगाव मंजू आलं, मूर्तिजापूर आलं, तरी ते हलकेपण येईना. आई निर्दोष होती. हे वाक्य तिने मनात कितीदा म्हणून पाहिलं, आणि दर वेळी त्याच्या मागून दुसरं वाक्य यायचं: म्हणजे तुला ते आजपर्यंत ठाऊक नव्हतं. नानांनी एकदा गप्प बसून आईला एका खोलीत एकटं पाडलं. आणि देवश्रीने? आईच्याच हातचं जेवत, तिच्या गोळ्या आणत, तिची वेणी घालत, मनातल्या मनात रोज तिला पायरीवरून बघत होती. आता आईला सांगायचं म्हणजे हेही सांगणं आलं. न सांगता आनंदाची बातमी तेवढी देता येईल का? काकांनीच बोलावलं होतं, काकांनीच शोधलं, असं? बडनेऱ्याच्या पुलावर बस रेंगाळली आणि तिला वाटलं, इथेच उतरून उलटं चालू लागावं.

संध्याकाळ व्हायची होती. आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. "झाले पेपर तपासून?" तिने वर न बघता विचारलं.

"मी काकांकडे गेले होते," देवश्री म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ढाली, आकडा, अक्षरांची खोबण, नागपूर. बोलताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा होत होता आणि तिला तो आवरता येत नव्हता. आई मेथीच्या काड्या एकीकडे, पानं एकीकडे करत राहिली. सांगून संपलं तेव्हा ती म्हणाली, "मग? पास झाले मी?"

देवश्रीने हातातला फोन ओट्यावर ठेवला.

"बिजागरीचा डाख पाहिलास ना?" आई म्हणाली. "ते झाकण माझ्या हातून पडलं होतं. पाहुण्यांच्या आधी. बाबा रागावतील म्हणून मी गुपचूप सराफ्यात नेलं, तू होतीस बरोबर. तो सराफ हसला. म्हणाला, बाई, ही चांदी नाही, चांदीचा डाख लावायचा खर्च कशाला करता, कथिलाचा लावतो. तेव्हाच कळलं मला."

"तुला माहीत होतं? मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आधी बोलले असते तर नानांची फजिती. आणि त्या खोलीत बोलले असते तर, मला आधीच ठाऊक होतं, एवढंच लोकांनी ऐकलं असतं." आईने एक काडी मोडली. "मी नानांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता सांगतील. मग त्यांनी पेपरची घडी घातली." तिने निवडलेली पानं पुढे सारली. "तुला ती पिशवी आठवत होती. मला माहीत होतं. लहानपणी एकदा तापात बडबडली होतीस. वाटायचं, विचारशील कधीतरी. म्हणजे मला सांगता येईल."

देवश्रीला रडू आलं नाही. रडण्याचा हक्क नाही, असं काहीतरी वाटत होतं. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"आणि दुसरं काही निघालं असतं तर? मला काय सांगितलं असतंस?"

खोटं बोलणं आता शक्य नव्हतं. "काही नाही. पेपर तपासून आले, असंच म्हणाले असते."

आई हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते सोसवेना. "अगदी नानांवर गेलीस गं," ती म्हणाली.

काही तरी म्हणायला देवश्रीने तोंड उघडलं, पण तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर काकांचं नाव होतं. ते दोघींनाही दिसलं. "दम खाऊन मग बोलू म्हणून सांगते," देवश्री पुटपुटली आणि फोनकडे हात नेला. पण आईने तिच्याआधी तो उचलला, मातीने भरलेल्या हातानेच. कानाला लावून ती म्हणाली, "हॅलो. मी सिंधू बोलतेय."  पलीकडून खोकला आला, मग कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज, इतका स्पष्ट की तो देवश्रीपर्यंत पोचला. आईने पदराने हाताची माती पुसली, पाय दुमडून नीट बसली, आणि देवश्रीला हाताने बस म्हणून खुणावलं.

"केशवभाऊजी," ती म्हणाली, "मी ठेवत नाहीये फोन. बोला."